नाण्यावरील खेळयंत्रे आणि घरगुती भाडेपद्धती : निओ-जिओच्या प्रयोगाचा ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाची मांडणी

वस्तूंचा इतिहास लिहिताना मालकीकडे जेवढे लक्ष दिले जाते तेवढे भाड्याकडे दिले जात नाही. विकलेल्या वस्तूची मोजदाद होते, तिची पावती राहते, ती घरात वर्षानुवर्षे पडून राहते आणि पुढेमागे एखाद्या संग्रहालयात जाऊन पोहोचते. भाड्याने आणलेली वस्तू मात्र ठरल्या वेळी परत जाते आणि तिच्या वापराची खूण ज्या घरात ती वापरली गेली त्या घरात उरत नाही. त्यामुळे एखाद्या यंत्राचा समाजातील प्रसार किती झाला हे केवळ विक्रीच्या आकड्यांवरून ठरविणारा अभ्यासक वापराचा मोठा भाग नकळत वगळून बसतो. व्हिडिओ गेमच्या आजवरच्या इतिहासलेखनात हा दोष विशेष जाणवतो.

या इतिहासाची रूढ मांडणी अशी आहे : प्रथम सार्वजनिक ठिकाणी नाणे टाकून खेळावयाची मोठी यंत्रे आली, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग स्वस्त होताच तीच करमणूक लहान रूपात घरोघर विकली जाऊ लागली, आणि घरचे यंत्र बाहेरच्या यंत्राच्या तोडीचे होताच बाहेरची खेळगृहे ओस पडली. ही मांडणी खोटी नाही; परंतु ती अपुरी आहे. तिच्यात तंत्रज्ञान हा एकच कर्ता मानला जातो आणि यंत्र कोणाचे, कार्यक्रम कोणाचा व खेळाडूने मोल दिले ते नेमके कशाचे, हे प्रश्न मागे पडतात. सार्वजनिक खेळयंत्र घरी नेऊन ठरावीक मुदतीपुरते भाड्याने देण्याचा जो प्रयोग १९९० मध्ये जपानमध्ये झाला, त्याचा विचार करताना हेच प्रश्न पुढे येतात. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाची पूर्वपीठिका, त्याचे स्वरूप व त्याच्या आगेमागे झालेले कायद्यातील बदल यांचा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

२. नाण्याच्या यंत्राची मालकी

नाणे टाकून खेळावयाचे यंत्र हे आरंभापासूनच भाड्याचे यंत्र आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर एडिसनच्या किनेटोस्कोपचे पहिले दालन उघडले. तेथे दहा यंत्रे होती आणि पाच यंत्रांच्या एका रांगेसाठी प्रेक्षकास २५ सेंट द्यावे लागत. प्रेक्षकाने विकत घेतले ते यंत्र नव्हे, चित्रही नव्हे. यंत्रासमोर उभे राहण्याचे काही क्षण त्याने विकत घेतले. पुढे आलेली संगीतयंत्रे, पिनबॉलची यंत्रे आणि व्हिडिओ गेमची यंत्रे याच तत्त्वावर चालली. खेळाडूपुरते पाहिल्यास ते जगातील सर्वांत अल्प मुदतीचे भाडे होय : एका डावाचे.

या भाड्यामागे दुसरा एक व्यवहार उभा असे व तो खेळाडूच्या नजरेस पडत नसे. शिकागोसारख्या शहरातील कारखानदार यंत्र तयार करी. वितरक ते ‘ऑपरेटर’ नावाच्या मध्यस्थास विकी. आणि ऑपरेटर ते स्वतःच्या दुकानात न ठेवता मद्यगृह, उपाहारगृह किंवा कपडे धुण्याचे दुकान अशा ठिकाणी नेऊन ठेवी. जागेचा धनी जागा आणि वीज देई. यंत्राची दुरुस्ती, रंगरंगोटी व बदली ऑपरेटर करी. आणि आठवड्याअखेर पेटी उघडून गल्ला मोजला जाई. वाटणी बहुधा निम्मेनिम असे. आपल्याकडील शेतीव्यवहारात ज्याला अर्धेली म्हणतात, तिच्याशी ही पद्धत ताडून पाहण्यासारखी आहे. फरक इतकाच की अर्धेलीत जमीन धन्याची व श्रम कुळाचे असतात, तर येथे जागा एकाची, यंत्र दुसऱ्याचे आणि ‘पीक’ देणारा खेळाडू तिसराच असतो. उत्पन्नाची जोखीम मात्र दोन्ही व्यवहारांत वाटली जाते. जे यंत्र कमावत नाही ते हलविले जाते, आणि त्याच्या जागी दुसरे येते.

या व्यवस्थेचा खेळांच्या घडणीवर परिणाम झाला. १९३१ मध्ये गॉटलिब यांचे ‘बॅफल बॉल’ आणि १९३२ मध्ये मोलोनी यांचे ‘बॅलीहू’ ही यंत्रे बाजारात आली तेव्हापासून यंत्राची परीक्षा एकच होती : एका तासात पेटीत किती नाणी पडतात. म्हणून खेळ समजण्यास सोपा, परंतु लवकर संपणारा असावा लागे. नवख्याचा डाव एकदोन मिनिटांत आटोपला पाहिजे आणि तरीही पुढच्या नाण्यासाठी त्याचा हात खिशाकडे गेला पाहिजे, हे कसब कारखानदारांनी अनेक दशके घोटले. यंत्राकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही याच नाण्यामुळे ठरली. मुलांच्या खाऊचे पैसे हिरावून घेणारा जुगार असे मानून महापौर ला गार्डिया यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली आणि ती १९७६ पर्यंत उठली नाही.

अशी यंत्रे घरी नेली जात नसत असे नव्हे. ऑपरेटरच्या दृष्टीने जुनी झालेली यंत्रे घरगुती गिऱ्हाइकास विकली जात. पण ती विक्री म्हणजे यंत्राच्या व्यावसायिक आयुष्याची अखेर होती. नवे, कमावते यंत्र घरी देणे ऑपरेटरला परवडणारे नव्हते. कारण घरात दिवसाला शेकडो अनोळखी माणसे येत नाहीत आणि कोणी पेटीत नाणे टाकीत नाही. शिवाय उभ्या पेटीचे एक यंत्र सहज शंभर किलोंच्या पुढे जाते. ज्या वस्तूची ने-आण करावयास दोन माणसे व एक गाडी लागते, ती एका रात्रीच्या भाड्याची वस्तू होऊ शकत नाही.

३. घरातील प्रवेश : अनुकृतीची विक्री

१९७१ मध्ये ‘कॉम्प्युटर स्पेस’ आणि १९७२ मध्ये अटारी कंपनीचे ‘पॉंग’ आले. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका मद्यगृहात ठेवलेले पॉंगचे पहिले यंत्र बंद पडले तेव्हा ते बनविणारे अभियंते ॲलन अल्कॉर्न यांना आढळले ते इतकेच, की नाण्यांचे भांडे भरून वाहत होते. त्याच १९७२ मध्ये राल्फ बेअर यांच्या संशोधनावर आधारलेले मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ‘ओडिसी’ हे घरगुती यंत्र विक्रीस आले, आणि १९७५ मध्ये सिअर्सच्या दुकानांतून पॉंगची घरगुती आवृत्ती विकली गेली. म्हणजे सार्वजनिक आणि घरगुती या दोन शाखा जवळजवळ एकाच वेळी फुटल्या. ‘आधी बाहेर, मग घरी’ हा क्रम जितका सरळ सांगितला जातो तितका तो सरळ नाही.

या दोन शाखांत यंत्र एक नव्हते. १९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने जपानमध्ये केवळ त्याच एका खेळाची दालने उघडावयास लावली. १९८० मध्ये अटारीने त्या खेळाचे हक्क घेऊन आपल्या घरगुती यंत्रासाठी त्याची आवृत्ती काढली व ती अपार खपली. परंतु घरी आली ती मूळ खेळाची अनुकृती होती. चित्रे ओबडधोबड, आवाज निराळा, हालचाल निराळी. घरगुती गिऱ्हाईक नाव विकत घेत होते आणि उरलेली कसर कल्पनेने भरून काढीत होते.

घरगुती व्यवहारातही नाण्याच्या पेटीचे तत्त्व आणण्याचा एक विलक्षण प्रयत्न याच सुमारास झाला. १९८३ मध्ये अमेरिकेत ‘गेमलाइन’ नावाची सेवा सुरू झाली. अटारीच्या यंत्रात एक मोठे कार्ट्रिज बसवावयाचे व ते दूरध्वनीच्या तारेस जोडावयाचे. खेळ तारेवरून घरी येई, ठरावीक डाव खेळून झाले की तो नाहीसा होई, आणि पुन्हा हवा असल्यास पुन्हा पैसे मोजावे लागत. त्याच वर्षी अमेरिकेतील घरगुती खेळांची बाजारपेठ कोसळली आणि ही सेवाही टिकली नाही. तथापि तिच्यामागील कल्पना लक्षणीय आहे. वस्तू न देता केवळ वापर द्यावयाचा, आणि वापर संपताच काहीही मागे ठेवावयाचे नाही, हे तत्त्व तिने घराच्या भिंतींच्या आत आणले.

४. जपानमधील पार्श्वभूमी

जपानमध्ये १९८० ते १९९० या दशकात तीन घटना अशा घडल्या की त्यांच्यावाचून निओ-जिओचा प्रयोग समजत नाही.

पहिली घटना ध्वनिमुद्रिकांच्या भाड्याची. १९८० मध्ये तोक्यो महानगरातील मिताका येथे ध्वनिमुद्रिका भाड्याने देणारे दुकान निघाले आणि थोड्याच काळात अशा दुकानांचे पेव फुटले. तबकडी एका रात्रीसाठी आणावयाची, घरी टेपवर उतरवून घ्यावयाची व सकाळी परत करावयाची, हा प्रघात पडल्यामुळे ध्वनिमुद्रिका कंपन्या हादरल्या. परिणामी १९८४ मध्ये जपानच्या लेखाधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन कृती भाड्याने देण्याचा स्वतंत्र हक्क निर्माण करण्यात आला, व तो १९८५ च्या आरंभापासून अमलात आला. संगीताच्या बाबतीत मोबदला देऊन भाड्याचा धंदा चालू राहिला. खेळांच्या बाबतीत मात्र कंपन्यांनी अनुमती देण्याचे नाकारले. त्यामुळे ज्या जपानमध्ये चित्रपटांच्या व संगीताच्या भाड्याची दुकाने गल्लोगल्ली होती, तेथेच खेळांच्या भाड्याचा धंदा वाढू शकला नाही.

दुसरी घटना खेळगृहांच्या नियंत्रणाची. करमणुकीच्या धंद्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९८५ पासून खेळयंत्रांची दालने त्याच्या कक्षेत आली. परवाना घेणे आवश्यक झाले आणि मध्यरात्रीनंतर दालन उघडे ठेवण्यास मनाई झाली. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या धंद्याला ही मर्यादा जाचक होती हे उघड आहे.

तिसरी घटना घरगुती यंत्रांच्या भरभराटीची. जुलै १९८३ मध्ये निन्टेंडोचे ‘फॅमिकॉम’ आले आणि काही वर्षांत ते जपानी घरांतील नित्याची वस्तू झाले. परंतु त्या यंत्रावरील खेळ आणि दालनातील खेळ यांतील अंतर प्रत्येक मुलाला डोळ्यांनी दिसत होते.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे एक पोकळी स्पष्ट होते. दालनाच्या दर्जाचा खेळ घरी मिळत नव्हता; भाड्याने खेळ आणण्याचा मार्ग कायद्याने हक्कदाराच्या हाती एकवटला होता; आणि दालनाला रात्रीची मर्यादा पडली होती. ही पोकळी भरून काढू शकेल असा एकच पक्ष होता : जो दालनांसाठी यंत्रे बनवीत होता व ज्याच्याकडे खेळांचे हक्कही होते.

५. निओ-जिओचा प्रयोग

ओसाका येथे १९७८ मध्ये एइकिची कावासाकी यांनी स्थापन केलेली एसएनके ही कंपनी मुख्यतः दालनांसाठी खेळ तयार करीत असे. १९९० मध्ये तिने ‘निओ-जिओ’ नावाची पद्धती दोन रूपांत आणली. एक रूप दालनांसाठी होते. त्यात एकाच पेटीत अनेक कार्ट्रिजे बसत आणि खेळ बदलावयाचा झाल्यास ऑपरेटरला संपूर्ण यंत्र किंवा आतील पट्ट न बदलता केवळ कार्ट्रिज बदलावे लागे. दुसरे रूप घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे होते. महत्त्वाची गोष्ट अशी की दोन्ही रूपांतील मूळ यंत्ररचना एकच होती : १२ मेगाहर्ट्झ गतीचा मोटोरोला ६८००० प्रक्रियक, त्याच्या साहाय्यास झेड-८०, आणि एकाच वेळी पडद्यावर ४,०९६ रंग दाखविण्याची शक्ती. घरी येत होता तो दालनातील खेळाचा नमुना नव्हे, प्रत्यक्ष तोच खेळ.

हे घरगुती रूप प्रथम विक्रीसाठी नव्हतेच. जपानमध्ये ते भाड्याने देण्यासाठी तसेच उपाहारगृहे व विश्रामगृहे यांसारख्या व्यावसायिक गिऱ्हाइकांसाठी काढण्यात आले. अद्भुत खेळ उचलून घरी घेऊन चला, अशा आशयाची त्याची जाहिरात होती. या योजनेमागील विचार दालनांचा होता, हे उघड आहे. दालनांच्या कारखानदाराच्या हिशेबात खेळाडू हा यंत्राचा गिऱ्हाईक नसतो. यंत्र धंदेवाल्याने घ्यावयाचे आणि खेळाडूने वापराचे मोल द्यावयाचे. निओ-जिओच्या योजनेत ऑपरेटरच्या जागी भाड्याचे दुकान आले, डावाच्या जागी दिवस आला, आणि जागेच्या धन्याची भूमिका खेळाडूच्या घरानेच पार पाडली. वीजही त्याचीच, पडदाही त्याचाच.

भाडेपद्धतीचे आर्थिक कारण किमतीत दडलेले आहे. पुढे हे यंत्र विक्रीस आले तेव्हा त्याची जपानमधील किंमत ५८,००० येन होती आणि एका कार्ट्रिजला सुमारे ३०,००० येन पडत. नोव्हेंबर १९९० मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉमची किंमत २५,००० येन होती. म्हणजे त्या संपूर्ण यंत्राहून निओ-जिओचे एक कार्ट्रिज महाग होते. दालनातील एका डावाला १०० येन धरल्यास यंत्र व एक खेळ यांच्या किमतीत ८८० डाव होतात. रोज दोन डाव खेळणाऱ्याला ते चौदा महिन्यांहून अधिक पुरले असते. इतके मोल एका खेळासाठी सामान्य कुटुंब आगाऊ मोजणार नाही, हा अंदाज वाजवी होता. ज्या वस्तूची किंमत मोठी, वापर अधूनमधून आणि आकार हातात मावणारा, ती वस्तू भाड्यास योग्य असते. लग्नकार्याची मोठी भांडी कोणी विकत घेत नाही, ती भाड्याने आणतो, याचे कारणही हेच आहे.

तरीही प्रयोगाला अपेक्षेहून वेगळे वळण लागले. यंत्र घरी नेलेल्या खेळाडूंकडून ते कायमचे विकत मिळावे अशी मागणी इतकी आली की १९९१ मध्ये कंपनीने ते सर्वसाधारण विक्रीस खुले केले. अमेरिकेतही ते आले. तेथे खेळासह संचाची किंमत जवळजवळ ६५० डॉलर व सुट्या खेळाची सुमारे २०० डॉलर होती. भाडेकरू मालक झाला, असे या परिवर्तनाचे वर्णन करता येईल.

हे का घडले? किंमत हेच निर्णायक कारण असते तर भाडेपद्धती टिकावयास हवी होती. कारण किंमत उतरली नव्हती. तंत्रज्ञानही वर्षभरात बदलले नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर खेळाच्या घडणीत सापडते. दालनातील खेळ डावागणिक मोल घेण्यासाठी रचलेला असतो. तो कठीण असतो, कारण कठीणपणातून पुढचे नाणे येते. मुदतीच्या भाड्यात मात्र कठीणपणाचा अर्थ बदलतो. दोन दिवसांत न जिंकता आलेला खेळ परत करताना खेळाडूला आपण अर्ध्यावर उठलो असे वाटते. आणि जिंकता आला तर त्या खेळाचे आकर्षण तेथेच संपते. पहिल्या प्रकारच्या खेळाडूला यंत्र ठेवून घ्यावेसे वाटणार, दुसऱ्या प्रकारचा खेळाडू पुन्हा दुकानाकडे फिरकणार नाही. भाड्याने उत्तम गिऱ्हाईक निर्माण केले. पण ते भाड्याचे नव्हे, विक्रीचे.

ही अडचण कंपनीला जाणवली होती याची खूण खेळांतच आढळते. दालनाच्या व घरच्या कार्ट्रिजात मूळ कार्यक्रम एकच असे आणि आपण कोणत्या प्रकारच्या यंत्रात बसलो आहोत हे तो स्वतः ओळखी. घरी नाण्याची पेटी नसल्याने डाव संपल्यावर पुढे चालू ठेवण्याच्या संधींवर अनेक खेळांत मर्यादा घालण्यात आली. नाण्याने जो अडसर निर्माण होत असे तो आकड्याने निर्माण करावा लागला. त्याचबरोबर दोन्ही प्रकारच्या कार्ट्रिजांच्या जोडण्या भिन्न ठेवलेल्या असल्यामुळे एकातील कार्ट्रिज दुसऱ्यात बसत नसे. कार्यक्रम एक असूनही बाजार दोन राहिले. याउलट स्मृतिपट्टी, म्हणजे खेळाची प्रगती साठवून ठेवणारे छोटे पत्र, मात्र दोन्हीकडे चाले. दालनात अर्धवट राहिलेला खेळ घरी पुढे चालविता येई. खेळाडूला ये-जा करण्याची मुभा, मालाला मज्जाव, असे हे धोरण होते.

निओ-जिओचे पुढील आयुष्य दीर्घ ठरले. १९९४ मध्ये स्वस्त तबकडीवर चालणारे रूप आले. २००१ मध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. तरी घरगुती यंत्रासाठी नवे खेळ २००४ पर्यंत निघत राहिले. ‘द किंग ऑफ फायटर्स’ या मालिकेतील खेळ महाराष्ट्रातील शहरांच्या पार्लरांतही परिचित झाले. भाड्याचे यंत्र म्हणून जन्मलेली ही वस्तू आज संग्राहकांच्या मालकीची मौल्यवान चीज झाली आहे, आणि तिच्या जन्माची कथा बहुधा एका वाक्यात उरकली जाते.

६. १९९० चे अमेरिकन कायदे : एकाच प्रश्नाच्या दोन बाजू

योगायोग असा की ज्या वर्षी जपानमध्ये हा प्रयोग सुरू झाला त्याच वर्षी अमेरिकेच्या कायद्याने या प्रश्नाचा दोन्ही टोकांनी विचार केला. अमेरिकेत एक जुना सिद्धान्त आहे : कृतीची प्रत एकदा कायदेशीरपणे विकली गेली की ती पुढे विकण्याचा वा उसनी देण्याचा हक्क प्रतीच्या मालकाकडे जातो. याच आधारावर तेथे खेळांची कार्ट्रिजे भाड्याने देण्याचा मोठा धंदा उभा राहिला. निन्टेंडोला तो मान्य नव्हता. १९८९ मध्ये तिने ब्लॉकबस्टर या कंपनीवर दावा लावला. परंतु भाड्याचा धंदा बेकायदेशीर ठरविण्यास आधार नसल्याने तो दावा माहितीपुस्तिकांच्या छायाप्रती काढल्याबद्दल होता.

डिसेंबर १९९० मध्ये संगणक कार्यक्रमांच्या भाड्याविषयी कायदा झाला आणि हक्कदाराच्या अनुमतीवाचून असे कार्यक्रम भाड्याने देण्यास मनाई झाली. मात्र केवळ व्हिडिओ गेम खेळण्यासाठी बनविलेल्या मर्यादित उपयोगाच्या यंत्रांवरील कार्यक्रम या मनाईतून वगळण्यात आले. घरच्या संगणकावर उतरवून घेता येणारा कार्यक्रम एकीकडे, आणि सहज नक्कल न करता येणारे कार्ट्रिज दुसरीकडे, असा भेद कायद्याने केला. जपानने जे दार हक्कदाराच्या हाती दिले तेच दार अमेरिकेने दुकानदारासाठी उघडे ठेवले.

याच कायद्याचे दुसरे कलम दालनांविषयी होते व त्यामागे एक खटला होता. व्हर्जिनियातील ‘रेड बॅरन’ या दालनाने ‘डबल ड्रॅगन’ या खेळाचे वापरलेले मूळ पट्ट जपानमधून विकत आणून बसविले. अमेरिकेतील हक्क सांगणाऱ्या ताइतो कंपनीने त्यास हरकत घेतली. १९८९ मध्ये चौथ्या मंडलाच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की पट्ट विकत घेतल्याने तो पुन्हा विकण्याचा हक्क मिळाला, तरी लोकांपुढे त्याचे प्रयोग करण्याचा हक्क मिळाला नाही. या न्यायाने प्रत्येक ऑपरेटरचा धंदा हक्कदाराच्या मर्जीवर अवलंबून राहिला असता. १९९० च्या कायद्याने नाण्यावर चालणाऱ्या खेळांपुरता हा निर्णय दूर सारला. मात्र ती सवलत मुदतीची होती व ऑक्टोबर १९९५ पासून ती संपली.

या दोन कलमांचे एकत्रित वाचन उद्बोधक आहे. पहिल्यात प्रश्न असा की घरी भाड्याने दिले जाते ते काय, पेटी की कार्यक्रम? दुसऱ्यात प्रश्न असा की दालनात नाण्याच्या मोबदल्यात दिले जाते ते काय, पेटीचा वापर की कार्यक्रमाचा प्रयोग? वस्तू एकच; परंतु ती घरात आहे की रस्त्यावरच्या दालनात, यावर तिच्यातील हक्कांची विभागणी बदलते.

७. आंतरराष्ट्रीय नियम व भारतीय कायदा

१९९४ च्या जागतिक व्यापारविषयक बौद्धिक संपदा कराराने संगणक कार्यक्रमांच्या व्यापारी भाड्याचा हक्क सदस्य राष्ट्रांना मान्य करावयास लावला. पण भाड्याचा मुख्य विषय खुद्द कार्यक्रम नसेल तेथे हे बंधन लागू नाही असा अपवाद ठेवला. १९९९ च्या दुरुस्तीने भारतीय लेखाधिकार कायद्यातही हाच अपवाद आला. मोटारीच्या यंत्रातही कार्यक्रम असतो, म्हणून भाड्याची मोटार कार्यक्रमाचे भाडे ठरू नये, हा त्याचा हेतू सहज कळतो. खेळयंत्राला हा अपवाद लावणे कठीण आहे. कारण खेळ काढून घेतला तर मागे उरते ती केवळ एक लाकडी पेटी.

सार्वजनिक बाजूस भारतात भर पडला तो परवान्याच्या प्रश्नावर. कर्नाटकातील व्हिडिओ गेम पार्लरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अशा पार्लरांवर परवान्याचे नियंत्रण घालणे वैध ठरविले. घरगुती बाजूस मात्र कायद्याहून प्रघातच अधिक बलवान होता. ऐंशीच्या दशकात आपल्या शहरांतून व्हीसीआर, रंगीत दूरचित्रवाणी संच आणि कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने आणण्याची पद्धत सर्वश्रुत आहे. एकाने अनामत भरावी, चाळीतील दहा घरांनी वर्गणी द्यावी आणि रात्रभर तीन चित्रपट पाहावेत, असा तो व्यवहार होता. येथे भाडे देणारा एक, पाहणारे अनेक आणि मालकी कोणाचीच नाही. जपानी दुकानदाराने कल्पिलेले ‘घर’ व आपल्या चाळीतील घर यांत किती अंतर आहे, ते यावरून दिसते. विक्रीच्या आकड्यांवरून प्रसार मोजणाऱ्या पद्धतीचा तोकडेपणा अशा ठिकाणी सर्वाधिक उघड होतो.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की भाडे हा खेळयंत्रांच्या धंद्यातील आडमार्ग नसून त्याचा मूळ मार्ग आहे. खेळाडूची मालकी ही नंतर आलेली गोष्ट होय, आणि तिचा काळही फार मोठा नाही. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेत सेगा कंपनीने मासिक वर्गणीवर केबलद्वारे खेळ पुरविले. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्गणीवर खेळांचा संच देण्याची योजना सुरू केली. वर्गणी थांबली की खेळही थांबतो. गेमलाइनचे तत्त्व या रूपाने परत आले आहे.

दुसरा निष्कर्ष असा की निओ-जिओची भाडेपद्धती किमतीमुळे जन्मली, परंतु खेळाच्या घडणीमुळे विक्रीत परिणत झाली. डावासाठी रचलेली वस्तू दिवसाच्या मापाने देता येत नाही. माप बदलले की वस्तूही बदलावी लागते. पाश्चात्त्य देशांत समारंभासाठी खेळयंत्रे एका दिवसापुरती भाड्याने मिळतात, तेव्हा यंत्रातील एक कळ फिरवून नाण्याची अट काढून टाकलेली असते. त्या कळीचे अस्तित्व हीच या दोन मापांतील तफावतीची साक्ष आहे.

तिसरा निष्कर्ष साधनांविषयी आहे. मालकीची वस्तू संग्रहालयात जाते, भाड्याची वस्तू हिशेबाच्या वहीत राहते. आणि वही प्रथम रद्दीत जाते. आपल्याकडील व्हिडिओ लायब्ररी बंद पडून बराच काळ लोटला. त्यांच्या नोंदवह्या, अनामत पावत्या, पार्लरांचे परवाने आणि करमणूक करासंबंधीची कागदपत्रे यांतून नागर महाराष्ट्राच्या घरगुती करमणुकीचा जो इतिहास लिहिता येईल तो कोणत्याही कंपनीच्या विक्रीपत्रकातून लिहिता येणार नाही. ही साधने चालविणारी व वापरणारी पिढी अद्याप हयात आहे. पदव्युत्तर अभ्यासकांनी या कामास विलंब न लावता हात घालावा. कारण दुकानदाराच्या माळ्यावरील वही आणि त्याच्या स्मरणातील हिशेब या दोहोंपैकी कोणतीही गोष्ट फार काळ वाट पाहणारी नाही.